बॉक्स नेमका कुठे अडला?

"लाल दिवा लागतो, टीव्हीवर कंपनीचं चित्र येतं आणि तिथंच थांबतं. कितीही वाट पाहा, पुढं सरकतच नाही. बॉक्स गेला का?"

धुळे जिल्ह्यात नरडाण्याच्या बाजारात, शिंदखेड्यात, शिरपुरात, टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हा प्रश्न विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा दोन शब्दांचं असतं: "नवा घ्या." कधी ते बरोबर असतं, पण पुष्कळदा घाईचं असतं. सुरू न होणारा बॉक्सही आत काय चाललंय ते ओळीओळीनं सांगत असतो. त्या ओळी टीव्हीवर दिसत नाहीत. त्या बोर्डावरच्या तीन-चार टाचण्यांवर येतात. त्यांना तारा जोडून लॅपटॉपवर त्या कशा वाचायच्या आणि वाचून काय ठरवायचं, हे या प्रकरणात पाहू.

१. आधी बॉक्स ओळखू या

केबलचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानं बंद झालं. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांची ३१ मार्च २०१३, उरलेल्या शहरी भागाची ३१ डिसेंबर २०१५ आणि गावखेड्यांची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७. त्यामुळे केबल घ्यायची तर बॉक्स लागणारच, हे नरडाण्यासारख्या गावातही ठरून गेलं. त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर २००४ मध्ये, दूरदर्शननं 'डीडी डायरेक्ट प्लस' ही विनामूल्य सेवा सुरू केली होती. तीच आजची 'डीडी फ्री डिश'. पत्र्यावर छत्री, घरात बॉक्स आणि महिन्याचं बिल नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीनं हे दोन वेगळे बॉक्स आहेत. केबलचा किंवा पैसे भरून चालणाऱ्या डिशचा बॉक्स कुलूपबंद असतो. त्यातला प्रोग्राम कंपनीच्या सहीशिवाय चालत नाही आणि पुष्कळदा बॉक्सही कंपनीच्याच मालकीचा असतो. तो उघडू नका, केबलवाल्याला किंवा कंपनीला परत करा. फ्री डिशचा बाजारातून विकत घेतलेला साधा बॉक्स मात्र तुमचा स्वतःचा असतो. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

आता दुसरी ओळख. टीव्हीवर 'सिग्नल नाही' अशी पाटी आहे, पण रिमोट चालतो आणि मेनू उघडतो, तर तुमचा बॉक्स व्यवस्थित सुरू झालेला आहे. दोष छत्रीत, तिच्यासमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीत (एलएनबीत) किंवा केबलमध्ये शोधा. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नरडाण्याहून त्याची दिशा जवळजवळ नेमकी आग्नेय आहे आणि तो क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर आहे. वळवाच्या वाऱ्यात छत्री जराशी फिरली तरी चित्र जातं. त्याला बॉक्स उघडून उपयोग नाही.

मेनूच उघडत नाही, रिमोटला दाद नाही, चित्र अडकून राहतं किंवा बॉक्स पुन्हापुन्हा बंद-चालू होतो, तेव्हाच म्हणायचं की बॉक्स बूट होत नाही.

२. बूट होणं म्हणजे काय

बॉक्सच्या आत एक छोटा संगणकच असतो. त्याचे तीन भाग लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला भाग मुख्य आयसी, म्हणजे प्रोसेसर. दुसरा भाग फ्लॅश. ही आठ पायांची बारीक आयसी असते आणि वीज गेली तरी तिच्यात प्रोग्राम टिकून राहतो. तिसरा भाग रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरायची जागा. वीज गेली की ती रिकामी होते.

बटण दाबल्यावर ही कामं ओळीनं होतात:

पहिलं: अडॅप्टरमधून आलेल्या विजेपासून बोर्डावर ३.३ व्होल्ट आणि त्याहून कमी असे वेगवेगळे दाब तयार होतात.

दुसरं: प्रोसेसर स्वतःच्या पोटात कायमचा कोरलेला एक चिमुकला प्रोग्राम चालवतो. तो फ्लॅशमधला 'बूटलोडर' शोधतो.

तिसरं: बूटलोडर रॅम तयार करतो आणि फ्लॅशची ओळख पटवतो. कंपनीचं चित्रही बहुतेक बॉक्समध्ये तोच दाखवतो.

चौथं: बूटलोडर फ्लॅशमधला दाबून भरलेला मुख्य प्रोग्राम उलगडून रॅममध्ये ठेवतो आणि तो शाबूत आहे का ते तपासतो.

पाचवं: मुख्य प्रोग्राम ट्यूनर (छत्रीकडून आलेला सिग्नल पकडणारा भाग), रिमोट आणि चॅनेलची यादी हाताशी घेतो. मग चित्र येतं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. कंपनीचं चित्र दिसतंय म्हणजे वीज, प्रोसेसर, फ्लॅशची सुरुवात आणि रॅम यांनी निदान तेवढं काम केलेलं आहे. असा बॉक्स 'मेलेला' नाही.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या काठी कित्येक शतकं चालत आलेलं फडाचं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना यापुढची रीत नवी वाटणार नाही. बंधाऱ्यातून पाटात, पाटातून चारीत, चारीतून फडात असं पाणी येतं. शेवटच्या वावरात पाणी पोचलं नाही तर पाटकरी अख्खा पाट उकरत बसत नाही. तो पाटाच्या कडेनं चालत जातो आणि ओल कुठवर आली ते पाहतो. ओल संपते आणि कोरडं लागतं, तिथंच बांध फुटलेला किंवा गाळ अडकलेला असतो. बॉक्सच्या बाबतीत पडद्यावर उमटलेली शेवटची ओळ ही ती ओल. दोष तिच्या लगेच पुढं असतो.

३. सीरियल म्हणजे एकामागून एक

बोर्ड बनवणाऱ्या इंजिनिअरलाही आत काय चाललंय ते कळायला हवं असतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एक ओळ बाहेर पाठवण्याची सोय बोर्डावर केलेली असते. तिला सीरियल पोर्ट म्हणतात. तिला तीन तारा पुरतात: बोर्डाकडून बाहेर येणारी 'टीएक्स', बोर्डाकडे जाणारी 'आरएक्स' आणि दोघांची सामाईक 'ग्राउंड'.

अक्षरं एकामागून एक जातात आणि प्रत्येक अक्षराचे आठ बिटही एकामागून एक जातात. अक्षराच्या आधी 'सुरू' सांगणारा एक बिट आणि शेवटी 'संपलं' सांगणारा एक बिट, असे एका अक्षराचे दहा बिट झाले. अशा बॉक्समध्ये ११५२०० हा वेग सर्वाधिक आढळतो, म्हणजे सेकंदाला १,१५,२०० बिट. दहानं भागलं की सेकंदाला ११,५२० अक्षरं. साठ अक्षरांच्या पन्नास ओळी, म्हणजे ३,००० अक्षरं, सलग आली तर पाव सेकंदात निघून जातात. डोळ्यांनी ती टिपता येत नाहीत. म्हणून लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये 'लॉग फाइलमध्ये साठवा' ही सोय आधी चालू करायची आणि मग बॉक्सला वीज द्यायची.

दोन्ही बाजूंचा वेग एकच असावा लागतो. वेग चुकला तर पडद्यावर प्रश्नचिन्हं, चौकोन आणि विचित्र खुणांचा कचरा येतो. घाबरायचं कारण नाही. काहीतरी येतंय, म्हणजे बोर्ड जिवंत आहे. ५७६००, ३८४००, ९६०० असे वेग लावून पाहा. कोणत्याही वेगाला कचराच येत असेल तर ग्राउंडची तार नीट बसलीय का ते तपासा.

४. तार जोडण्याआधी

इथं घाई केली तर चांगला बॉक्सही जातो, आणि प्रसंगी माणसालाही इजा होते.

ज्या बॉक्सची २३० व्होल्टची वायर थेट आत जाते, त्याच्या आत पॉवर सप्लायचा उघडा भाग असतो. २३० ला १.४१४ नं गुणा. साधारण ३२५ व्होल्ट त्याच्या मोठ्या कंडेन्सरवर असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. शिकणाऱ्यानं असा बॉक्स घेऊ नये. बाहेर १२ किंवा ५ व्होल्टचा अडॅप्टर असलेला बॉक्स घ्यावा. काम करताना छत्रीची केबल काढून ठेवावी, तिच्यातून एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. लॅपटॉप चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवावा.

आता दाबाचा प्रश्न. जुन्या बॉक्सच्या मागे नऊ टाचण्यांचा 'आरएस-२३२' पोर्ट असे. हे मानक १९६० सालचं. त्यात ३ ते १५ व्होल्ट, अधिक आणि उणे दोन्ही बाजूंना, चालतात. बोर्डावरच्या बारीक टाचण्यांवर मात्र फक्त ० आणि ३.३ व्होल्ट असतात. नऊ टाचण्यांची केबल थेट बोर्डावरच्या टाचण्यांना लावली तर प्रोसेसर जळू शकतो. बोर्डासाठी 'यूएसबी ते टीटीएल' हा छोटा जोडतुकडा मिळतो. त्यावर ३.३ आणि ५ व्होल्ट अशी निवड असेल तर ३.३ वर ठेवायची.

टाचण्या ओळखायला मल्टिमीटर पुरतो. बॉक्स बंद असताना ट्यूनरच्या पत्र्याच्या डबीशी ज्या टाचणीची 'बीप' येते ती ग्राउंड. बॉक्स चालू केल्यावर जिच्यावर ३.३ व्होल्ट स्थिर राहतात ती विजेची. ती मोकळीच सोडायची, तिला काही जोडायचं नाही. सुरू होताना जिच्यावरचा आकडा ३.३ च्या खाली थरथरतो ती टीएक्स. उरलेली आरएक्स. जोडताना बोर्डाची टीएक्स जोडतुकड्याच्या आरएक्सला आणि बोर्डाची आरएक्स त्याच्या टीएक्सला जाते. नुसतं वाचायचं असेल तर बोर्डाची टीएक्स आणि ग्राउंड या दोनच तारा जोडा. त्यात धोका कमी.

लॅपटॉपवर 'पुटी' किंवा 'टेरा टर्म' यांपैकी एखादा मोफत प्रोग्राम उघडा, वेग ११५२०० ठेवा, लॉग साठवणं चालू करा आणि मगच बॉक्सला वीज द्या.

५. शेवटची ओळ काय सांगते

पडद्यावर ओळी रोमन लिपीत येतात. नमुन्यादाखल त्या इथे देवनागरीत देतो. प्रत्येक बॉक्सचे शब्द थोडे वेगळे असतात, क्रम मात्र साधारण हाच:

बूटलोडर स्टार्ट
रॅम इनिट... ओके
फ्लॅश: २५क्यू३२, साइझ ४ एमबी
लोडिंग मेन कोड...
सीआरसी एरर
रीसेट

आणि पुन्हा पहिल्यापासून: बूटलोडर स्टार्ट...

एकेक ओळ घेऊ. पहिली आली, म्हणजे वीज आणि प्रोसेसर ठीक. दुसरी आली, म्हणजे रॅम ठीक. तिसरी आली, म्हणजे फ्लॅशशी बोलणं झालं. तिच्या नावातला '३२' हा आकडा मेगाबिटचा आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३२ भागिले ८, म्हणजे ४ मेगाबाइट. ओळीतला '४ एमबी' त्याच्याशी जुळतो. चौथीत मुख्य प्रोग्राम उचलायला सुरुवात झाली. पाचवीत तपासणी फसली.

'सीआरसी' म्हणजे शाबूतपणाची परीक्षा. सोपं उदाहरण पाहा. १२, ७ आणि ३० हे आकडे साठवताना त्यांची बेरीज ४९ हीसुद्धा शेजारी लिहून ठेवली. वाचताना १२, ७ आणि ३१ आले तर बेरीज ५० होते. ४९ शी ती जुळत नाही, म्हणजे मधलं काहीतरी बिघडलं. सीआरसीचं गणित याहून कसदार आहे, हेतू हाच.

म्हणजे या बॉक्सचा प्रोसेसर, रॅम आणि बूटलोडर शाबूत आहेत. बिघाड फ्लॅशमधल्या मुख्य प्रोग्राममध्ये आहे. असं कशानं होतं? फ्लॅशमध्ये नवं लिहिण्याआधी जुना तुकडा पुसावा लागतो. पुसलं आणि लिहिण्याआधीच वीज गेली तर तेवढा तुकडा कोराच राहतो. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि तेव्हापासून बॉक्स अडकला, अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच.

ओळी दुसऱ्या तऱ्हेनंही थांबतात:

'रॅम इनिट' इथंच अडला, तर रॅम, तिला मिळणारा दाब किंवा तिचे सोल्डरचे टाके पाहा. नवा प्रोग्राम भरून काही होणार नाही.

फ्लॅशचं नाव न येता 'अननोन' किंवा शून्य आकार आला, तर फ्लॅशचे टाके सैल आहेत किंवा ती आयसी गेलेली आहे.

मुख्य प्रोग्राम सुरू झाला आणि ट्यूनरच्या ओळीवर थांबला, तर ट्यूनरचा भाग तपासा.

एकही ओळ आली नाही, तर आधी तारा आणि वेग, मग विजेचे दाब तपासा. ते ठीक असतील तर प्रोसेसर, त्याला ठोका देणारा क्रिस्टल किंवा बूटलोडर यांपैकी एकावर संशय घ्या. काही बॉक्समध्ये कंपनीनं या ओळी मुद्दाम बंद केलेल्या असतात, हेही लक्षात असू द्या.

आता या प्रकरणातली सर्वांत उपयोगी कसोटी. बॉक्स तीनदा सुरू करा आणि तिन्ही वेळची शेवटची ओळ लिहून ठेवा. तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडला, तर फ्लॅशमधला मजकूर किंवा एखादा ठरावीक भाग बिघडलाय. दर वेळी वेगळ्या ओळीवर अडला, तर प्रोग्रामला दोष देऊ नका. वीज कमी पडतेय, काहीतरी तापतंय किंवा टाका सुटतोय.

खानदेशात हा दुसरा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बॉक्स मात्र टीव्हीखालच्या बंद कपाटात, वर रुमाल घालून ठेवलेला असतो. अडॅप्टरमधल्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरबद्दल एक ठोकळ नियम आहे: तापमान दर १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कंडेन्सर घ्या. ९५ ला ४,०००, ८५ ला ८,०००, ७५ ला १६,००० आणि ६५ ला ३२,००० तास. रात्रंदिवस प्लगमध्ये राहणाऱ्या बॉक्सचे वर्षाला ८,७६० तास होतात. म्हणजे आत ७५ अंश असतील तर दोन वर्षांच्या आत कंडेन्सर थकतो, ६५ असतील तर साडेतीन वर्षांहून अधिक टिकतो. रुमाल काढणं आणि रात्री बटण बंद करणं, या दोन फुकटच्या गोष्टींचा परिणाम एवढा मोठा आहे.

थकलेला अडॅप्टर फसवतो. नुसता मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि बॉक्स जोडून भार आला की खाली बसतो. म्हणून दाब बॉक्स चालू असतानाच मोजायचा आणि त्याच दाबाचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहायचा. छत्रीची केबल, पेनड्राइव्ह आणि टीव्हीची वायर काढूनही एकदा सुरू करून पाहावं. केबलमध्ये शॉर्ट असेल तर तेवढ्यानंही बॉक्स वारंवार बंद-चालू होतो.

६. प्रोग्राम पुन्हा भरताना

दुकानात याला 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणतात. निदान फ्लॅशमधल्या मुख्य प्रोग्रामवर येऊन थांबलं, तरच ते करायचं.

बूटलोडर जिवंत असेल तर सीरियल तारेनंच काम होऊ शकतं. लॅपटॉपवरचा लोडर आधी सुरू करून ठेवतात आणि मग बॉक्सला वीज देतात. बूटलोडर सुरुवातीला क्षणभर बाहेरून कुणी हाक मारतंय का ते ऐकतो. तेवढ्यात पकड मिळाली की फाइल जाऊ लागते. चार मेगाबाइट म्हणजे ४१,९४,३०४ बाइट. ११,५२० नं भागा, ३६४ सेकंद येतात. साधारण सहा मिनिटं, आणि शिवाय पुसण्या-लिहिण्याचा वेळ. एवढा वेळ लाइट जाता कामा नये, म्हणून बॉक्स इन्व्हर्टरवर ठेवावा. अनेक बॉक्स पेनड्राइव्हवरूनही फाइल घेतात. ते जमत असेल तर जास्त सोपं.

बूटलोडरच पुसला गेला असेल तर सीरियल तारेला उत्तर द्यायला कुणी नसतं. मग बॉक्सची वीज काढून फ्लॅश आयसी थेट प्रोग्रामरवर वाचावी-लिहावी लागते. ते सरावलेल्या हाताचं काम आहे.

दोन नियम कधीही मोडू नयेत. पहिला: जमत असेल तर नवं लिहिण्याआधी जुन्याची प्रत काढून ठेवायची, बिघडलेली असली तरी. दुसरा: बॉक्सच्या पाठीवरचं नाव पाहून फाइल निवडायची नाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन बॉक्स आत वेगळ्या प्रोसेसरचे असू शकतात. बोर्डावरचा क्रमांक, प्रोसेसरचं नाव आणि फ्लॅशचा आकार हे तिन्ही जुळले तरच फाइल भरायची. चुकीची फाइल बूटलोडरसकट सगळं पुसते आणि दुरुस्त होणारा बॉक्स खरोखर मरतो.

७. कुठे थांबायचं

प्रोसेसरच्या दाबाच्या वाटेवर शॉर्ट आहे, प्रोसेसर हात लावू देत नाही एवढा तापतोय किंवा रॅम त्याच्याच पोटात असून ती गेलेली आहे, असं दिसलं तर थांबा. तो खर्च नव्या बॉक्सच्या किमतीजवळ जातो. पैसे भरून दिसणारे चॅनेल फुकट दाखवण्याचं आमिष देणारी फाइल कुणी दिली तर ती भरू नका. तो गुन्हा आहे, आणि अशा फाइलनं बॉक्स बिघडतो तो वेगळाच.

उरलेल्या बॉक्सना मात्र एक संधी द्यायला हवी. दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्यांना आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: चालू स्थितीतला बॉक्स हाताशी आला की त्याच्या सुरू होण्याच्या सगळ्या ओळी फाइलमध्ये साठवा आणि बोर्डाच्या क्रमांकानं त्या फाइलला नाव द्या. उद्या त्याच जातीचा अडलेला बॉक्स आला की दोन्ही शेजारी ठेवा. कुठल्या ओळीपर्यंत दोन्ही सारखे आहेत, ते पाहताक्षणी कळेल. गिऱ्हाइकाला "नवा घ्या" जरूर सांगा, पण ती शेवटची ओळ वाचल्यानंतर सांगा.